मागून ओळ धरणारी

२०१७ साली आमच्या सुरंगीच्या शाळेत खिचडी रांधणाऱ्या तानूबाईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार होता, म्हणून तिला नातीच्या लग्नाची गाणी माझ्या मुलाच्या सिल्वासातल्या घरगुती स्टुडिओत भरून ठेवायची होती. पण तानूबाई पहिल्या ओळीलाच थांबली. "मागून ओळ कोण धरणार?" "मावशी, ती नंतर वेगळी घेऊन मिसळू," मुलगा म्हणाला. "मग कुणाच्या तोंडाकडं बघून गाऊ?" मीच शेजारी माइक घेऊन बसले. जुन्या मिक्सरवर मिसळताना त्याने माझ्या माइकचं बटण तळाला ओढलं. "आई, बेसूर गातेस." पण माझा आवाज तिच्याही माइकमध्ये शिरलेला, तो निघेना. "राहू दे," तानूबाई हसली, "मांडवात एक बेसूर असतेच." तानूबाई आता खुणांनी बोलते, नातीला दोन मुली आहेत, मुलगा पुण्यात स्थिरावला. ती गाणी आता गावभर लावतात; त्यांतून मी सुरंगीतल्या प्रत्येक लग्नात बेसूर गाते.