तळघरातलं धुलाईघर

"मावशी, तू आधी बस बघू. आणि घाबरू नकोस. मी खुर्चीवर असेपर्यंत धुलाईघराला टाळं लागायचं नाही."

नगराध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. तिला धाप लागली होती. "अगं, मी त्याचंच सांगायला..."

"सांगायला कशाला हवं? मला का ठाऊक नाही?"

खरंच ठाऊक होतं. परक्या देशातून एक पिशवी घेऊन ती इथं उतरली, तेव्हा इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. इस्पितळाच्या तळघरात याच मावशीनं तिला उकळत्या चादरींपाशी उभं केलं आणि शिव्या घालत घालत बोलायला शिकवलं. "आधी भांडायला शीक, बाकीचं आपोआप येतं," म्हणायची. पोरगी शिकली. हातमोज्यांसाठी भांडली, पगारासाठी भांडली, वस्तीच्या नळासाठी भांडली, आणि भांडता भांडता नगराध्यक्ष होऊन बसली! भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

पण सध्या तिच्या जिवाला घोर लागला होता. धुलाईघर बंद करण्याचा ठराव आज सभेत यायचा होता. नुसता मथळा वाचूनच तिचं डोकं फिरलं होतं. त्यात तिच्याच पक्षातले निम्मे फितूर. हरली तर खुर्ची जाणार, जाईना का! पण तळघरातल्या बायका म्हणतील, वर गेली आणि आम्हाला विसरली. ते तिला सोसणार नव्हतं.

"दोन शब्द ऐकशील?" मावशी खोकत म्हणाली. परवाही आली होती बिचारी. मोटारीत बसता बसता जेमतेम बोलणं झालं होतं.

"जिंकून येते, मग चारशे ऐकते!" म्हणत ती उठलीच.

सभेत तिनं कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

"बाई, ठराव पुरता वाचा तरी," विरोधी पुढारी कळवळून म्हणाला. "बायकांची सोय केलीय आम्ही."

"तुमची सोय मला शिकवू नका! त्या वाफेत मी उभी राहिलेय, तुम्ही नाही. ठराव मंजूर झाला तर याच क्षणी राजीनामा देते."

हात वर झाले. एका मतानं ठराव पडला.

ती धावतच बाहेर आली. पायऱ्यांवर धुलाईघरातल्या सगळ्या जणी उभ्या होत्या. कुणी हुंदके देत होती, कुणी भिंतीला टेकून बसली होती. तिलाही भरून आलं. तिनं मावशीला घट्ट मिठी मारली.

"वाचलं गं मावशी! आता मरेपर्यंत तुमचं काम कुणी काढून घेणार नाही."

मावशीनं हळूच मिठी सोडवली.

"वाफेनं छाती गेलीय गं आमची," ती म्हणाली. "पूर्ण पेन्शन देऊन धुलाईघर बंद करा, म्हणून आम्हीच त्या विरोधकांच्या पाया पडलो होतो. तू ऐकूनच घेईनास."