क्रूस म्हणे

पडद्याच्या पलीकडं आपला विषय निघाला तसे कडूबाईनं कान टवकारले. खुबा मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. पाय गेले होते, कान शाबूत होते.

पलीकडं बायकांची प्रार्थना चालली होती. उमरग्यात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. आठवड्यातून एका दुपारी तिथल्या बायका कुणाच्या तरी घरी जमत, गाणी म्हणत आणि मग एखादी उठून साक्ष देई. म्हणजे देवानं आपल्याला कोणत्या संकटातून काय शिकवलं, ते सगळ्यांसमोर सांगे. आज कडूबाईच्या सुनेची, करुणाची पाळी होती.

"माझ्या सासूबाई मला फार टाकून बोलतात," करुणा सांगत होती. "माझ्या हातचं पाणीसुद्धा शिव्या देऊन पितात. आधी मी रडायचे. प्रभूला विचारायचे, माझ्याच वाट्याला हे का? मग मला कळलं. सासूबाई हाच माझा क्रूस आहे. प्रभूनं त्याचा वाहिला, मी माझा वाहीन. त्या जितकं छळतात, तितकी मी त्याच्याजवळ जाते."

बायका आमेन म्हणाल्या. प्रार्थना चालवणाऱ्या पाळकबाईंनी डोळ्याला पदर लावला.

क्रूस म्हणजे काय ते कडूबाईला चांगलं ठाऊक होतं. सोलापूरच्या मिशनच्या दवाखान्यात कामाला गेलेला तिचा लेक सोमलिंग येताना क्रूस आणि ही बायको, दोन्ही घेऊन आला होता. आता तो सडकेच्या कामावर असे, आठवड्यानं घरी येई, आणि क्रूस भिंतीवर असे. दोन लाकडं, एक उभं, एक आडवं. समोरच्या भिंतीला खुंटीवर कडूबाईची जोगव्याची परडी आणि कवड्यांची माळ. सगळा जन्म तिनं तुळजापूरच्या आईच्या नावानं दारं वाजवली होती, वेळेला बायकांशी भांडून जोगवा घेतला होता. आणि आता सुनेनं तिचं लाकूड करून टाकलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बायका गेल्यावर करुणा जर्मनच्या वाटीत ताक घातलेल्या कण्या घेऊन आली.

"काय सांगत व्हतीस गं त्या बायांला?"

"काही नाही, आत्याबाई. जेवून घ्या." करुणा हसली.

त्या हसण्याचाच कडूबाईला खरा संताप होता. तिनं शिव्या दिल्या, तांब्या फेकून मारला, पण पोरगी हसायची आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. कापसाच्या ढिगावर धोंडे मारावेत तसं चाललं होतं सगळं.

"म्या लाकूड व्हय?" कडूबाई म्हणाली. "खुबा माझा मोडला. पाठ माझी सोलून निघाली. कण्हते म्या, आन् पुण्य तुझ्या पदरात? माझं दुखणं हाय ते, माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. निजामाचं राज गेलं, मुंबईवाल्यांचं आलं, पर असली लूट कुणी केली न्हाय."

"मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते, आत्याबाई."

"तेच नगं म्हणते. ने ती वाटी. लाकडाला भूक नसती."

संध्याकाळी तिनं घासाला तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. भूक तर अशी लागली होती की कण्यांच्या वासानं तोंडाला पाणी सुटत होतं, पण म्हातारी हटेना. दुपारपर्यंत तिचा आवाज खोल गेला. करुणा घाबरली. वाटी हातात धरून ती अंथरुणाजवळ गुडघ्यांवर बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, मला सोसायचं बळ दे."

"माग, माग," कडूबाई पुटपुटली. "म्या मेले की आजून मोठी साक्ष हुईल. पाळकबाई लई रडंल."

करुणानं डोळे उघडले. वाटी जमिनीवर आदळली, निम्म्या कण्या सांडल्या.

"मरा मग," ती म्हणाली. "मरा एकदाच्या. तुमचं भांडं काढताना रोज मला ओकारी येते, माहिताय? माझी आई सोलापुरात वारली तेव्हा मी इथं तुमची पाठ पुसत होते. तिला माती द्यायलासुद्धा गेले नाही. क्रूस कसला आलाय? द्वाड म्हातारी आहात तुम्ही, दुसरं काही नाही. एक गोड शब्द नाही तुमच्या तोंडात. आजवर एक नाही."

मग तिनं तोंडावर पदर दाबला. इतक्या वर्षांत ओठाबाहेर न पडलेलं सगळं बाहेर पडलं होतं. तिनं भिंतीवरच्या क्रूसाकडं पाहिलं, आणि त्याला काय सांगावं ते तिला सुचेना. "इतकं सोसलेलं सगळं घालवलंत माझं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

कडूबाई तिच्याकडं पाहत राहिली. पोरीचं नाक लाल झालं होतं, केस सुटले होते. लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा ती या घरातली वाटत होती.

"तुझी आई गेल्याली मला कुणी सांगितलं न्हाय," कडूबाई म्हणाली.

"तुम्ही विचारलं होतं कधी?"

म्हातारीनं सांडलेल्या कण्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आण ती वाटी हिकडं."

करुणानं उरलेल्या कण्या भरवल्या, नीट नाही, रागारागानं, घासावर घास. कडूबाईनं सगळ्या खाल्ल्या. हनुवटीवर सांडलेलंही बोटानं निपटून चाटलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"आहे ते खा." करुणा हसली नाही. पण उठली आणि मीठ आणायला चुलीकडं गेली.

"आन् ऐक," कडूबाईनं मागून हाक घातली. "पुढल्या बारीला त्या बायांला सांग, म्हातारी पोटभर जेवली म्हणून. कशापायी जेवली, ते बी सांग."