दोन्ही

खरेदीदाराने खिशातून दोन रुमाल काढले, झटकून त्यांच्या घड्या मोडल्या आणि तो म्हणाला, "आज डोळे बांधून."

"आंधळी कोशिंबीर खेळायचं वय राहिलंय का आमच्या आत्याचं!" मालक हसले.

"बांधा की," आत्या म्हणाली. "नाकाला तर नाही ना बांधायचा?"

तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या भाच्याला मात्र हसू फुटले नाही. कारखान्यातले सगळेच तिला आत्या म्हणत. ती सख्खी आत्या होती त्याची एकट्याची. तिनेच त्याला या खोलीत आणले होते, सिगारचा धूर छातीत न घेता तोंडातल्या तोंडात कसा घोळवायचा ते शिकवले होते आणि मालकांशी भांडून शेजारची खुर्ची मिळवून दिली होती.

समोरच्या तबकात तीन प्रकारच्या सिगारी होत्या. आतला तंबाखू एकच. फरक फक्त वर गुंडाळलेल्या पानाचा. एकीचे पान वाळल्या गवतासारखे फिकट, दुसरीचे तांबूस, तिसरीचे जवळजवळ काळे. कोणत्या पानाने धुराला काय दिले हे सांगायचे, एवढेच त्या दोन खुर्च्यांचे काम. काळ्या पानाला खरेदीदार चढा भाव द्यायला तयार होता. पण ही माणसे खरोखर चव सांगतात की नुसता रंग वाचतात, याची त्याला आधी खातरजमा हवी होती.

भाचा रंगच वाचत होता. हिवाळ्यातल्या तापात त्याचे नाक गेले, ते परत आलेच नाही. तोंडात येई तो नुसता कोमट, निनावी धूर; कोणत्याही पानाचा, कशाचाही. तेव्हापासून तो आधी पानाकडे बघे आणि मग चोरून आत्याच्या चेहऱ्याकडे. फिकट पानाला तिचे ओठ किंचित मुडपत, काळ्याला डावी भुवई वर जाई. त्या भुवईच्या आधारावर त्याची नोकरी तग धरून होती.

रुमालाची गाठ डोक्यामागे आवळली गेली आणि ती भुवई अंधारात बुडाली.

पहिली सिगार हातात आली. त्याने धूर घोळवला, सोडला. काही नाही. घोटभर पाणी पिऊन दुसरी. काहीच नाही. शेजारून आत्याने टाळूला जीभ लावल्याचा बारीक आवाज आला. बोलण्याआधीची तिची ही सवयच. तिच्यामागून नुसती मान डोलावली, तर आज संशय येणार. आपणच आधी बोलायला हवे. फिकटाकडून काळ्याकडे जायचे, हा तर नेहमीचा क्रम.

"दोन्ही..." आत्याने सुरुवात केली.

"दुसरी काळ्या पानाची," तो घाईघाईने म्हणाला. "जड आहे. मागून गोडवा येतोय, जळक्या साखरेसारखा. पहिली अगदीच फिकी."



"दोन्ही जळताहेत छान," आत्या सावकाश म्हणाली. "पण गोड दुसरीच. बरोबर बोलतोय तो."

रुमाल सुटले. राखेच्या ताटलीत चार सिगारी धुमसत होत्या. चारही फिकट पानाच्या.

"एकाच पेटीतल्या आहेत," खरेदीदार म्हणाला आणि रुमालांच्या पुन्हा नीट घड्या घालू लागला.

मालकांचा चेहरा उतरला. "आत्या, तुम्हीसुद्धा?"

"वय झालं हो मालक. नाक थकलं माझं. त्याला काय बोलता? मी शिकवलं तेच तो बोलणार."

मालकांनी ताटली दूर सारली. मग तिच्याकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून तुम्ही खाली पेट्यांना पट्ट्या चिकटवायला बसा. ह्याचं बघू आपण. तरुण आहे, तयार होईल."

तिचे नाक शाबूत आहे, गेले आहे ते माझे. भाच्याला एवढेच म्हणायचे होते. वाक्य जिभेवर येऊन थांबले होते. त्याने पेला उचलला आणि पाण्याच्या घोटाबरोबर ते गिळून टाकले.

जिन्यात त्याने तिला गाठले. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"आत्या, 'दोन्ही एकच' म्हणणार होतीस ना तू?"

ती उतरतच राहिली. "तुझा ताप उतरला ना, त्या आठवड्यात दूध करपलं होतं," ती म्हणाली. "शेजारीण विचारायला आली, काय जळलं म्हणून. आणि त्याच दुधाचा चहा तू दोन कप प्यालास. वर म्हणालास, आत्या, आज चहा फक्कड जमलाय."

त्याचे पाय पायरीवरच थबकले. "म्हणजे तेव्हापासून तुला..."

"नाहीतर मी काय ऊठसूट भुवया उडवणारी बाई आहे, अरे?"

त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. महिनोन्महिने जे आपण चोरून घेतोय असे त्याला वाटत होते, ते समोरून रोज वाढले जात होते. वरच्या खोलीतून मालकांचा आवाज अजून येत होता. खरेदीदार अजून गेला नव्हता.

"आत्या," तो कसाबसा म्हणाला, "वर जाऊन सांगू का?"

जिन्याच्या वळणावर ती थांबली आणि मागे वळली. सवयीने त्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेली. त्याने ओठ पाहिले, भुवई पाहिली.

काहीच हलले नाही.