तैयलची जन्मतारीख

तैयलने उजवा हात डोक्यावरून घेतला आणि डाव्या कानाकडे ताणला. बोटं कानापासून दोन अंगुळं अलीकडेच थांबली.

"अजून ताण," तिची आई अंजलै दाराबाहेरून हळूच म्हणाली.

पोरीने टाचा उचलल्या, मान वाकडी केली. हेडमास्तर वैद्यनाथ अय्यरांनी ती मान दोन बोटांनी पुन्हा सरळ केली. मान सरळ ठेवून कानाला हात लागला तर मूल पाच वर्षांचं, नाहीतर नाही. ज्यांचा जन्म कुठेच लिहिलेला नसे, त्यांच्यासाठी शाळेत हीच रीत होती. पुढच्या जूनमध्ये आणा, असं सांगून ते आपल्या टेबलाकडे गेले. ते काही कठोर गृहस्थ नव्हते. पोर खरोखरच चार वर्षांची दिसत होती.

शाळा कुंभकोणमहून साक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. मागे भाताची खाचरं, आणि खाचरांपलीकडे शेतमजुरांची वेगळी वस्ती, चेरी. अंजलै तिथून बांधाबांधाने आली होती. तिला कुणी अडवलं नव्हतं, तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली होती आणि आता तिथून हलत नव्हती.

नावं लिहून घ्यायचं काम मीनाक्षीबाईंकडे होतं. पहिलीचा वर्ग त्यांचाच. अंजलै त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "पुढच्या वर्षी ती माझ्या हातात राहायची नाही, अम्मा." मिरासदारांच्या घरून वासरं राखायला पोर मागितली होती. "तिथं कान बघत नाहीत. दोर धरता आला की झालं."

मीनाक्षीबाईंनी समोरच्या पानाकडे पाहिलं. चेरीतली सात मुलं त्यांनी सकाळपासून लिहिली होती आणि सातही जणांच्या पुढे एक जुलै लिहिलं होतं. दरवर्षी तसंच लिहीत. पाच वर्षं मागे मोजायची आणि एक जुलै घालायचा. त्यांच्या स्वतःच्या घरी, कुंभकोणमच्या मराठी गल्लीत, भावंडांच्या पत्रिका पेटीत जपून ठेवलेल्या होत्या, घटका आणि पळांसकट. सातांपैकी एकाही आईला त्यांनी विचारलं नव्हतं. आता त्यांनी विचारलं, ही कधी झाली?

अंजलैला आठवायला वेळ लागला नाही. कार्तिगैचे दिवे लावायच्या तोंडावर वादळ झालं होतं ना, त्या रात्री. झोपडीचं छप्पर संध्याकाळीच गेलं होतं. मग ती मिरासदारांच्या बैलगाडीखाली शिरली आणि तिथेच मोकळी झाली. गाडी उलटू नये म्हणून नवरा आणि सासू रात्रभर गाडीवर पालथे पडून होते. आधीची तीन गेली होती. ही राहिली. हे सगळं तिने बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं.

वादळ मीनाक्षीबाईंनाही आठवत होतं. गल्लीतली नारळाची झाडं पडली होती. पण कितवं साल, हे नक्की सांगता येईना. त्या उठल्या आणि कपाटातून शाळेच्या जुन्या रोजनिश्या काढून बसल्या. हेडमास्तरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. मीनाक्षीबाईंनी वही त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

३० नोव्हेंबर १९५२. रात्री वादळ. पूर्वेकडची सगळी कौलं उडाली. खाली वैद्यनाथ अय्यरांचीच सही होती.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला आणि तैयलकडे पाहिलं. ती अजून हात डोक्यावर धरून उभी होती. खाली घे म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

"साडेपाच वर्षांची आहे ही," ते म्हणाले. "लिहा. नीट लिहा."

मीनाक्षीबाईंनी अंजलैला आत बोलावलं. ती उंबऱ्याशी घुटमळली, मग आली. ओळ लिहून झाल्यावर मीनाक्षीबाईंनी त्या आकड्यांवर बोट ठेवून तारीख तमिळमध्ये वाचून दाखवली. अंजलैने ती पुन्हा म्हणायला लावली. मग तिने स्वतः म्हटली, चुकली, परत म्हटली. तैयलचा हात तिने खाली घेतला आणि खांदा चोळला.

तरी ती जाईना.

"माझी आई सांगायची," ती म्हणाली, "कावेरीला मोठा पूर आला, बांध फुटले, त्या आडी महिन्यात मी झाले. एवढ्यावरून काही सापडेल का, अम्मा?"

चोवीस सालचा तो पूर सगळ्यांना ठाऊक होता. मीनाक्षीबाई बोटांवर मोजू लागल्या. शाळेत त्या दिवसभर तमिळ बोलत, पण मोजताना जीभ घरच्या भाषेवर जाई. चोवीस, चौतीस, चव्वेचाळीस, असं मराठीत पुटपुटत त्या अठ्ठावनपर्यंत आल्या. मग थांबल्या. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. अंजलैचे पुढचे दोन दात नव्हते आणि केस कानांपर्यंत पांढरे झाले होते.

"येत्या आडीत तुला चौतीस पुरी होतील," त्या म्हणाल्या.

"किती?"

"चौतीस."

अंजलै त्यांच्याकडे बघत राहिली. त्या थट्टा करत नाहीत याची खात्री झाल्यावर ती हसली.

"मी स्वतःला म्हातारी समजून चालले होते, अम्मा," ती म्हणाली. "मग अजून पुष्कळ आहे की."