कुलपाचा रंग

"डोळे मिटा बाबा," वर्षाली म्हणाली. "घाई नाही. आधी नुसता आवाज आठवा."

रंगरावांनी डोळे मिटले. दापोडीच्या त्या दोन खोल्यांत सकाळी दहा वाजता कुठला आलाय निवांतपणा! खालून बस गेली, शेजारचा कुकर बोंबलला. तरी ते खुर्चीत ताठ बसून राहिले. डोक्याची पट्टी कालच निघाली होती.

चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपचे ते सुपरवायझर. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फिटर प्रीतम बंद प्रेसमध्ये वाकून साफसफाई करत होता. अचानक प्रेस चालू झाली आणि तो जागीच गेला. रंगराव तिथंच, डोकं फुटून पडलेले सापडले. शुद्धीवर आले तेव्हा त्या दिवशीचं सकाळच्या चहापुढचं काही म्हणजे काही आठवेना.

त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की प्रेस आपण चालू केली का? चोवीस वर्षांचं पोरगं आपल्या हातून गेलं का? त्या एका प्रश्नानं त्यांचं अन्नपाणी तुटलं होतं. "फासावर चढवलं तरी चालंल," ते म्हणायचे, "पण काय झालं ते एकदा कळू दे."

प्रॉडक्शन मॅनेजर दिग्विजय साहेब घरी येऊन गेले होते. सफरचंदं, शहाळी, सगळं साग्रसंगीत. निघताना उंबऱ्यात थांबून ते वर्षालीला हळूच म्हणाले, "मशीनमध्ये माणूस जायचा असला की स्विचला कुलूप लावतो आम्ही. ते काढलेलं सापडलं. कुणी काढलं, देव जाणे. रंगरावांना आठवलं तर त्यांचंच मन मोकळं होईल. तुम्ही सायकॉलॉजी शिकता ना? मग तुम्हीच बघा."

एवढा मोठा माणूस, पण किती आपुलकी! वर्षालीला भरून आलं.

ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि स्मृतीचा धडा नुकताच झाला होता. घटना घडली तिथला वास, तिथला आवाज मिळाला की हरवलेलं परत सापडतं, असं त्यात होतं. तिनं बाबांचा ग्रीसनं माखलेला युनिफॉर्म न धुता त्यांच्या मांडीवर ठेवला. मोबाइलवर प्रेसचा आवाज लावला. आणि एक पथ्य कसोशीनं पाळलं. समोरच्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, हे तिनं वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. म्हणून 'कुलूप तुम्ही काढलंत का,' असं तिनं एकदाही विचारलं नाही.

तिनं विचारलं, "कुलूप कोणत्या रंगाचं होतं?"

"कुलूप?" रंगराव घुटमळले. "होतं का गं? रोज आमी कुठं..."

"रोजचं नको बाबा. त्या दिवशीचं सांगा."

ते मांडीवरचा युनिफॉर्म चाचपू लागले.

"अगं, नसेल आठवत तर राहू दे की!" आतून सुमनताई, तिची आई, करवादल्या. "माणसाचा जीव खाशील का आता?"

पण राहू कसं देणार? बाबा रात्रंदिवस स्वतःला खात होते, ते तिला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रंगराव म्हणाले, "लाल असावं."

पाचव्या दिवशी म्हणाले, "लालच. बारकं होतं. किल्ली फिरवताना अडत होती."

"आणि मग?"

"मग..." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "गार लागलं गं हाताला."

आणि ते ओक्साबोक्शी रडले. वर्षालीही रडली. रडता रडता तिला वाटलं, सुटले बिचारे.

चौकशीत रंगरावांनी सगळं सांगितलं आणि सही केली. दिग्विजय साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कंपनीनं काढून टाकलं, पोलिसांत केस झाली. प्रीतमच्या आईच्या, सोजरबाईंच्या पायावर त्यांनी डोकं ठेवलं. म्हातारीनं पाय मागं घेतले आणि दार लावून घेतलं.

पण त्या दिवसापासून रंगराव दोन घास जेवू लागले. वर्षालीनं हे सगळं कॉलेजच्या प्रकल्पात लिहिलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं.

महिन्याभरानं, दुपारी ऐन जेवणाच्या वेळी धनेश दारात उभा राहिला. तो त्या प्रेसचा ऑपरेटर. अपघात झाला त्याच संध्याकाळी साहेबांनी त्याला रजा देऊन लातूरकडं गावी धाडलं होतं. तेव्हापासून त्याचा फोनही लागत नव्हता. पोरगा निम्मा झाला होता.

"ताई, मला झोप न्हाई," तो म्हणाला. "बटन म्या दाबलं. दिग्विजय साहेब म्हनले, टार्गेट ऱ्हायलंय, कर चालू. प्रीतम आत हाय ते मला ठावंच नव्हतं."

वर्षालीला काही उमगेना. "आणि बाबा?"

"मामा तर कॅन्टीनमधी होते. बोंब ऐकून पळत आले अन् तेलावरून घसरले."

"मग कुलूप?"

"कुठलं कुलूप, ताई? ती कुलपं साहेबाच्या कपाटात असत्यात. ऑडिटवाले आले की लावायची, गेले की काढायची. त्या दिवशी एकबी नव्हतं."

वर्षालीनं दाराची चौकट घट्ट धरली. मागं रंगराव कधी येऊन उभे राहिले होते, तिला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढं होऊन त्यांनी धनेशला जवळ घेतलं.

"माझ्यासाठी खोटं बोलू नको, लेकरा," ते शांतपणे म्हणाले. "कुलूप होतं. मीच काढलं. मला लख्ख आठवतंय."