डावी बाजू रिकामी होती

पळी लाल झाली होती. कॉफी भाजायची साधी लोखंडी पळी, पण शेख उवैमरने ती निखाऱ्यातून उचलली की भल्याभल्यांना आपली जीभ आठवायची. आरोपीने ती तीनदा चाटायची. निर्दोष माणसाच्या तोंडात पाणी असतं, त्याला काही होत नाही. चोराचं तोंड भीतीने सुकतं, त्याच्या जिभेला फोड येतो. सिनाईच्या वाळवंटात याच्या वरचं कोर्ट नव्हतं.

फ्रैजची जीभ जुन्या चपलेसारखी कोरडी ठणठणीत पडली होती.

"काढ बाहेर," शेख म्हणाला. "अव्वादची पांढरी सांडणी, बैदा, परवा दुपारी नाहीशी झाली. तूच नेलीस म्हणतो तो."

"काका, जीभ सुकलीय ती या खवाजापायी!" फ्रैज ओरडला. "तीन दिवस मला वाळूत उताणा पाडून चित्र काढतोय. तहानेने मरणारा अरब पाहिजे म्हणे त्याला. पाण्याला शिवू देत नाही, प्यायलास तर तोंडावरचं दुःख जातं म्हणतो! परवा दिवसभर मी त्याच्यापुढे मरत होतो. आणा ते चित्र. तेच माझा साक्षीदार."

खवाजा, म्हणजे वस्तीवर उतरलेला गोरा चित्रकार, धावतच चित्र घेऊन आला. त्याच्या गावी त्याचं चित्र बघायला एवढी माणसं कधी जमली नव्हती.

चित्रात फ्रैज शेवटचे श्वास मोजत होता. वर सात गिधाडं. खाली वाळू, कडेला एक लाल खडक.

"विहीर कुठाय? वीस पावलांवर तर आहे," कुणीतरी म्हणालं.

"बुजवली वाटतं."

"आणि मी?" फ्रैजची बायको हमदा कमरेवर हात ठेवून खवाजाच्या पुढ्यात आली. "मी शेजारीच भाकऱ्या भाजत होते ना रे मेल्या? नवरा मरतोय आणि बायकोचा पत्ता नाही! लोक काय म्हणतील मला?"

तेवढ्यात अव्वाद किंचाळला. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, लाल खडकाआडून अर्धी बाहेर, एक पांढरी सांडणी उभी होती. मांडीवर अव्वादच्याच घराण्याची डागलेली खूण.

"बैदा! माझी बैदा! बघा, चोराने स्वतःच साक्षीदार मागवला!"

फ्रैजच्या तोंडातली उरलीसुरली ओलही गेली.

खवाजा अरबी शिकला होता तो पुस्तकातून. "क्षमस्व, महोदय," तो म्हणाला. "ती तेथे नव्हतीच. चित्राचा वाम भाग रिक्त भासत होता. गतसप्ताही मी तिला विहिरीवर अवलोकिले होते. तेथून उचलली आणि खडकामागे स्थापिली."

शेखने पळी खाली ठेवली. "मालकाला विचारलंस?"

"कलावंत कोणासही विचारत नसतो."

"म्हणजे अव्वादची सांडणी त्याला न विचारता विहिरीवरून उचललीस, आणि खडकामागे नेऊन ठेवलीस. तूच?"

खवाजाचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा त्याची कला कुणाला तरी समजली होती. "यथार्थ! मीच! केवळ मीच!"

इतक्या आनंदाने कबुली देणारा चोर उवैमरने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. निकाल तिथल्या तिथे लागला. खवाजाचा धडधाकट उंट अव्वादला मिळाला.

"तरी एकदा त्या खडकामागे बघून येऊ का?" अव्वाद पुटपुटला.

"डोकं फिरलंय का तुझं?" शेख कडाडला. "या चित्रात आहे त्यातलं इथे काय आहे? आणि इथे आहे त्यातलं चित्रात काय आहे? अरे, अख्ख्या सिनाईत बैदा एका जागी नसेल तर ती त्या खडकामागे!"

सगळे पोट धरधरून हसले. फ्रैज सगळ्यांत जास्त. खवाजा दुपारी जेवून तासभर घोरायचा, हा विषय त्याने मोठ्या मनाने काढलाच नव्हता.

मग फ्रैज दोन वाडगे पाणी प्यायला, आणि उन्हं कलल्यावर रमतगमत लाल खडकाकडे गेला. चित्रात बैदा उभी होती. इथे ती बसून रवंथ करत होती. तेवढं एक सोडलं, तर खवाजाने काढलेली डावी बाजू अगदी हुबेहूब होती.