माशी शिंकली

प्रवासाच्या अकराव्या दिवशी गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, ती शिशावा गावाच्या पुढे, भर दुपारी. भाड्याची कॅम्पर व्हॅन. आत पलंग, शेगडी, सगळा संसार. तापमानाचा काटा लाल रेघेवर जाऊन बसला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली.

शौकी बेंची, म्हणजे कैरोच्या शौकीसाहेबांची, बायको इनायात खाली उतरली आणि म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं."

समुद्रकाठचं एस्सवीरा शहर तिथून दीड तासावर. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, तिथे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, रीहामचा निकाह लिहायचा होता, आणि बाबांच्या होकाराशिवाय सही करणार नाही, असं तिनं सासरच्यांना सांगून ठेवलं होतं. कैरोहून विमानानं कासाब्लांकाला उतरलेला माणूस पाच तासांत तिथे पोचला असता. शौकी बेंनी ही गाडी भाड्यानं घेतली, 'देश बघत बघत जाऊ' म्हणाले, आणि आमचा अख्खा मोरोक्को उलटा फिरून आले. जावई आपल्या इजिप्तचाच हवा होता, ही त्यांची खंत काही लपून राहिली नव्हती.

शिशावाचा मेकॅनिक मौलूद तीनचाकीतून आला. त्यानं बॉनेट उघडलं, नळ्या चाचपल्या आणि हसून म्हणाला, "माशी मुश्किल, सीदी."

शौकी बे बायकोकडे वळले. "ऐकलंस? हाही तेच म्हणतो. ठीक, मुश्किल आहे. मेकनासचा मेकॅनिक तेच म्हणाला, रशिदियाचाही तेच. या देशात एक माणूस धीर देईल तर शपथ."

"मग हसत हसत का सांगतायत सगळे?" इनायातला काही उमगेना.

"थर्मोस्टॅट अडकलाय," मौलूद म्हणाला. "काढून टाकला की पाणी फिरेल. काढू, सीदी?"

"माशी."

मौलूदनं पाना खाली ठेवला आणि तो सावलीत जाऊन बसला.

"उस्ता, बसलास का?"

"तुम्हीच नाही म्हणालात."

"मी कधी नाही म्हटलं? माशी, माशी म्हटलं की."

"आता तर दोनदा म्हणालात."

यात चूक कोणाची म्हणायची? इजिप्तच्या माणसाच्या तोंडात माशी म्हणजे 'ठीक'. आमच्याकडे माशी म्हणजे 'नाही'. 'माशी मुश्किल' म्हणजे 'काही अडचण नाही'. शहरातली तरुण पोरं कैरोचे सिनेमे बघून हे शिकतात, पण मौलूदचा सिनेमाशी संबंध नव्हता. भाषा दोघांची अरबीच, आणि दोघं एकमेकांकडे बहिऱ्यासारखे बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्यामुलाचे वडील, हाज बीही. मागे माणसांची गलबल. "शौकी भाई, निकाह लिहिणारे येऊन बसलेत. गाडी बंद पडली असेल तर राहू द्या, फोनवरच शब्द द्या. सगळे ऐकतायत. मुलगी आमच्या घरात देता ना?"

शौकी बेंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. इनायात त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि म्हणाले, "माशी."

पलीकडची गलबल थांबली.

"पुन्हा सांगा, भाई."

"माशी, हाज बीही, माशी."

फोन बंद झाला.

"रेंज गेली असेल," शौकी बे म्हणाले. इनायातनं डोळे पुसले. किती महिन्यांनी तिला नवऱ्याचं कौतुक वाटलं.

दोन मिनिटांत रीहामचा फोन. बायकांच्या खोलीत निरोप पोचला होता आणि ती रडत होती. "बाबा, चारचौघांत नाही म्हणालात? नाहीच म्हणायचं होतं तर अकरा दिवस फिरलात कशाला?"

"अगं, होकार दिला मी. देवाशप्पथ, माशी म्हटलं."

सावलीतून मौलूद उठला. "सीदी, माशी म्हणजे नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

शौकी बेंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा गाडीकडे. "मग तुझं ते माशी मुश्किल?"

"काही अडचण नाही, म्हटलं. अर्ध्या तासाचं काम आहे."

म्हणजे माशी शिंकली होती ती इथे. इनायातला हसू आवरेना. ती फोनचा स्पीकर लावून म्हणाली, "ऐकलंस ना पोरी? बाबा हो म्हणाले. हाज बीहींनी भलतंच ऐकलं."

रीहाम हसली नाही. "त्यांचा गैरसमज झाला, आई. माझं काय? मी तर कैरोचीच आहे. आठ महिने विचारतेय. दर वेळी बाबा 'माशी' म्हणतात आणि खोलीतून उठून जातात. ते हो असतं की नाही, मलाच अजून कळलेलं नाही."

इनायातचं हसणं थांबलं. मौलूद उगाच फडक्यानं हात पुसत राहिला.

"पोरी, तिकडचा स्पीकर चालू कर आणि फोन सगळ्यांसमोर धर," शौकी बे म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे." मग ते सावकाश, एकेक शब्द उच्चारत बोलले, "मी रीहामचा बाप बोलतोय. माझी मुलगी तुमच्या घरात देतोय. राजीखुशीनं देतोय. मुलगा तिनं निवडलाय, आणि मला तो..." वाक्य तिथेच सोडून त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला. "मी पोचेपर्यंत लिहू नका. ती सही करेल तेव्हा मला तिच्याशेजारी बसायचंय."

"थांबतो, भाई," हाज बीही म्हणाले. "चहा ठेवायला सांगतो."

मौलूदनं आता काही विचारलं नाही. पाना घेऊन तो इंजिनावर वाकला.

शौकी बे चढून गाडी चालवायच्या जागेवर जाऊन बसले.

"अरे, अर्धा तास आहे अजून," इनायात खालून म्हणाली.

"माहीत आहे."

बॉनेट उघडंच होतं. काचेतून त्या पत्र्याखेरीज काही दिसत नव्हतं. शौकी बे पट्टा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.